शर्यतीनंतरचीं वीस वर्षें

शर्यतीचा घोडा म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें पहिल्यानें उभें राहतें तें मुंबईचें महालक्ष्मीचें मैदान. तें १८८३ सालचें. पुण्याचें मैदान त्याहूनहि जुनें, म्हणजे १८३० सालचें. पावसाळ्यांत शर्यती पुण्यास आणि हिवाळ्यांत मुंबईस, असा हा क्रम पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. ज्यांनीं आयुष्यांत एकदांहि पैज लाविली नाहीं अशांनासुद्धां त्या घोड्यांचें रूप ठाऊक असतें: तुकतुकीत कातडी, ताणलेली मान, सडपातळ लांब पाय आणि डोळ्यांचें पातें लवतें न लवतें तोंच समोरून निघून जाणारी ती धांव. परंतु त्या घोड्याचें वय काय, तो किती वर्षें धांवतो आणि धांवणें थांबल्यावर कोठें जातो, हें फारसें कोणी विचारीत नाहीं. आज त्याविषयींच मला आपणांशीं चार शब्द बोलावयाचे आहेत.

प्रथम ह्या घोड्याची जात पाहूं. तिला थरोब्रेड असें म्हणतात. सतराव्या शतकाच्या अखेरीस व अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत पूर्वेकडील देशांतून इंग्लंडांत नेलेले तीन घोडे, बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन, हे ह्या जातीचे मूळपुरुष. जगांतील कोणत्याहि थरोब्रेडची पितृपरंपरा शोधीत मागें गेलें तर ती ह्या तिघांपैकीं एकापाशीं जाऊन थांबते. १७९१ सालीं त्यांच्या वंशावळीची पहिली वही इंग्लंडांत छापली गेली, आणि तेव्हांपासून केवळ वेग हा एकच गुण डोळ्यांपुढें ठेवून ही जात जोपासली गेली आहे. आपल्याकडील भीमथडीचें तट्टू कडब्याच्या चार पेंढ्यांवर आणि ओढ्याच्या पाण्यावर दख्खनचे डोंगर चढून जात असे. थरोब्रेडची कातडी पातळ, रक्त गरम आणि मन अतिशय संवेदनशील. तट्टू ज्या हालअपेष्टा सोसून उभें राहतें, त्यांत हा घोडा कांहीं महिन्यांतच खंगून जातो.

आतां वयाची गोष्ट. हा घोडा दोन वर्षांचा होण्यापूर्वींच त्याचें शिक्षण सुरू होतें आणि दुसऱ्या वर्षीं तो शर्यतींत उतरूं शकतो. हाडें अजून पुरतीं पक्व झालेलीं नसतात, तोंच त्यांच्यावर भरधाव वेगाचा भार पडूं लागतो. सहासात वर्षांचा होईपर्यंत बहुतेक घोडे मैदान सोडतात; कोणाच्या पायाची मागील शीर दुखावलेली असते, कोणाचा वेग मंदावलेला असतो, कोणी मुळांतच जिंकण्याइतका वेगवान नसतो. परंतु चांगली निगा राहिली तर घोडा पंचवीस वर्षें सहज जगतो. आम्हां शिक्षकांस अठ्ठावन्नाव्या वर्षीं निवृत्ति येते आणि तिच्या मागोमाग निवृत्तिवेतन येतें. ह्या घोड्यास निवृत्ति येते ती भर तारुण्यांत, पुढें जवळजवळ वीस वर्षें शिल्लक असतांना. आणि निवृत्तिवेतन म्हणाल तर तें नव्या मालकाच्या मनांत जेवढी माया असेल तेवढेंच.

ह्यांपैकीं कांहीं घोडे नशीबवान ठरतात. उत्तम वंशाच्या घोड्या पैदाशीसाठीं ठेवितात; कांहीं घोडे अश्वारोहणाच्या शाळांत, कांहीं पोलोच्या मैदानावर जातात. बाकीचे मात्र हातोहात विकले जाऊन पायरी पायरीनें खालीं उतरतात. कोणी लग्नाच्या वरातींत, कोणी समुद्रकांठीं मुलांना फिरविण्यास, कोणी थंड हवेच्या ठिकाणीं प्रवाशांना वाहण्यास. मुंबईच्या हौसेच्या घोडागाड्या उच्च न्यायालयानें २०१५ सालीं बेकायदेशीर ठरविल्या, तेव्हां प्राणिप्रेमी लोकांस आनंद झाला आणि तो योग्यच होता. परंतु गाडी बंद झाली तरी घोड्याचें पोट बंद होत नाहीं, ही अडचण त्या वेळीं अनेकांच्या ध्यानांत आली. माझ्या पाहण्यांत आलेल्या उपेक्षित घोड्यांचे मालक बहुधा क्रूर नव्हते. हंगाम संपला, मिळकत थांबली, कडब्याचा भाव वाढला आणि चंदी बंद झाली, एवढाच तो साधा इतिहास असतो.

अशा एखाद्या घोड्याची दया येऊन त्यास घरीं आणणारा गृहस्थ भेटला म्हणजे मन भरून येतें. परंतु ह्या दयेस ज्ञानाची जोड नसेल तर ती घोड्याचा जीव घेऊं शकते, आणि तीहि पहिल्या दहा दिवसांत. हेंच मला आज मुख्यतः सांगावयाचें आहे.

पुण्याजवळ थोडी शेती करून राहणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें वरातीचा व्यवसाय करणाऱ्या एका गृहस्थाकडून अशीच एक घोडी घेतली. ती पूर्वी शर्यतींत धांवलेली, अकरा वर्षांची, तांबूस रंगाची. तिचें शर्यतींतील इंग्रजी नांव वस्तींत कोणाच्या जिभेवर बसेना, म्हणून मुलांनीं तिला ‘तांबू’ म्हणावयास आरंभ केला. तिच्या बरगड्या दुरून मोजतां येत, पाठीचा कणा वर आलेला, पुठ्ठ्यावरील मांस ओसरलेलें आणि खूर फाटलेले. छत्तीस वर्षें हजेरीपट भरलेल्या माणसास नोंदी ठेवण्याची संवय असते, म्हणून तिच्या प्रकृतीची वही सांभाळण्याचें काम माझ्याकडे आलें. त्या वहीच्या आधारेंच पुढील माहिती देत आहें.

घोडा किती खंगला आहे हें नुसत्या नजरेनें ठरवूं नये. मायेची नजर फसते. अमेरिकेंतील हेनेके ह्या शास्त्रज्ञानें १९८३ सालीं ह्यासाठीं एक मोजमाप प्रसिद्ध केलें. मान, खांदा, बरगड्या, कंबर, शेपटीचें मूळ अशा ठिकाणीं हात फिरवून कातडीखालील मेद पाहावयाचा आणि एकपासून नऊपर्यंत गुण द्यावयाचे. एक म्हणजे केवळ हाडांचा सांपळा, पांच म्हणजे मध्यम, नऊ म्हणजे अतिस्थूल. पशुवैद्यांनीं तांबूस दोन गुण दिले. वजनासाठीं कांटा नसला तरी मोजण्याची फीत पुरते. पुढील पायांच्या मागून छातीचा घेर सेंटिमीटरांत घ्यावा, त्या संख्येचा वर्ग करावा, खांद्याच्या पुढील टोंकापासून पुठ्ठ्याच्या मागील टोंकापर्यंतच्या लांबीनें त्यास गुणावें आणि ११,८८० नें भागावें. उत्तर किलोंत येतें. तांबूचा घेर १७० आणि लांबी १६० भरली. म्हणजे वजन सुमारें ३८९ किलो. तिच्या बांध्याच्या घोडीचें वजन साडेचारशेंच्या पुढें असावयास पाहिजे होतें.

आतां उपाशी जनावर दारांत आलें म्हणजे आपला हात सहजच दाण्याच्या पोत्याकडे जातो. शेजारच्या एक आजीबाई पहिल्याच सायंकाळीं बाजरीच्या भाकऱ्या आणि गुळाची ढेप घेऊन आल्या. त्यांस नाहीं म्हणणें कठीण गेलें. “मास्तर, मुकं जनावर हाय, पोटभर घाला की त्याला,” असें त्या पुन्हां पुन्हां म्हणत होत्या आणि आम्ही घोडी उपाशी ठेवितों असा बोभाटा दुसऱ्या दिवशीं सर्व वस्तींत झाला. तरी पशुवैद्यांनीं भाकरी, गूळ, हरभरा, सर्व कांहीं बंद ठेविलें. त्याचें कारण समजून घेण्यासारखें आहे.

दीर्घ उपासमारींत शरीर प्रथम मेद आणि मग स्वतःचे स्नायु जाळून जगतें. रक्तांतील फॉस्फरस, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम ह्या द्रव्यांचा शरीरांतील सांठा संपत आलेला असतो. अशा स्थितींत धान्य किंवा गूळ पोटांत गेला कीं रक्तांतील साखर वाढते आणि तिला आवरण्यासाठीं इन्सुलिन एकदम स्रवतें. साखर पेशींत शिरतांना हीं द्रव्येंहि आपल्याबरोबर ओढून नेते. रक्तांतील त्यांचें प्रमाण कोसळतें, हृदयाचे आणि श्वासाचे स्नायु दुर्बळ होतात आणि चांगलें खाऊं लागलेला घोडा तिसऱ्या-चौथ्या दिवशीं अकस्मात् कोसळतो. माणसाचेंहि असेंच आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४५ सालीं, बंदिवासांतून सुटलेल्या उपाशी कैद्यांस भरपूर अन्न मिळालें, तेव्हां त्यांतील कित्येक जण अन्न मिळाल्यावरच दगावले.

ह्यावर कॅलिफोर्नियांतील डेव्हिस येथील विद्यापीठांत अभ्यास झाला आणि उपाशी घोड्यास वाळविलेला लसूणघास सर्वांत मानवतो असें आढळून आलें. त्यांत पिष्ट कमी असतें, प्रथिनें भरपूर असतात आणि वर सांगितलेलीं द्रव्येंहि असतात. त्यांची रीति अशी: पहिले तीन दिवस दर चार तासांनीं सुमारें अर्धा किलो, म्हणजे दिवसरात्रींत सहा वेळां मिळून तीन किलो. चौथ्या दिवसापासून प्रमाण थोडें थोडें वाढवावें आणि वेळा कमी कराव्या; सहाव्या दिवशीं आठ आठ तासांनीं दोन दोन किलोंच्या सुमारास यावें. दहा दिवसांनंतर घोडा खाईल तितका लसूणघास द्यावा. दाणा मात्र घोडा पुरता सांवरेपर्यंत मुळींच देऊं नये. स्वच्छ पाणी आणि मिठाचा खडा सदैव समोर असावा. मध्यरात्रीं दोन वाजतां उठून अर्धा किलो वैरण घालणें ह्यांत दिसण्यासारखें पुण्य कांहीं नाहीं. परंतु तांबूचा जीव वांचला तो त्यानेंच.

पुढेंहि घोड्याच्या पोटाची रचना विसरून चालत नाहीं. त्याचें जठर शरीराच्या मानानें फार लहान असतें, त्यास वांति करितां येत नाहीं, आणि जठरांतील आम्ल पोट रिकामें असलें तरी अखंड पाझरत राहतें. निसर्गानें त्याला दिवसाचे पंधरासोळा तास थोडें थोडें चरण्यासाठीं घडविलें आहे. शर्यतीच्या पागेंत त्यास दाणा पुष्कळ, चरणें थोडें आणि कोंडून राहणें फार असा दिनक्रम असतो. त्यामुळें धांवणाऱ्या घोड्यांपैकीं बहुतेकांच्या जठरांत व्रण आढळतात. घोडा वैरण अर्धवट टाकून उभा राहतो, दांत खातो, खरारा करितांना पोटास हात लागूं देत नाहीं, तेव्हां तो खोडकर आहे असें न समजतां त्याचें पोट दुखत असावें असें समजावें. अखेरपर्यंत त्याच्या आहाराचा पाया वैरण हाच असावा.

नव्या घोड्यास इतर जनावरांपासून कांहीं आठवडे वेगळें ठेवावें आणि त्याचें रक्त तपासून घ्यावें. ग्लँडर्स हा घोड्यांचा भयंकर रोग माणसासहि होतो आणि तो आढळल्यास सरकारास कळविणें कायद्यानें बंधनकारक आहे. हरियाणांतील हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रांत त्याची तपासणी होते. धनुर्वाताची लस टोंचून घ्यावी, कारण ह्या रोगास घोड्याइतकें बळी पडणारें दुसरें पाळीव जनावर क्वचितच असेल. जंतांचें औषध मात्र घाईनें देऊं नये. अशक्त घोड्याच्या आंतड्यांत असंख्य जंत एकदम मेले तर त्यानेंच आंतड्यास इजा होते. तो दिवस पशुवैद्यांनीं ठरवावा.

घोड्याचे दांत जन्मभर हिरड्यांतून वर येत राहतात, वर्षाला दोनतीन मिलिमीटर. आणि चावून झिजतांना त्यांच्या कडा धारदार होऊन गाल व जीभ कापतात. घोडा घांस चघळून त्याचा गोळा बाहेर टाकूं लागला कीं त्याचें तोंड तपासावें. तांबूच्या दांतांवर कानस फिरविली, आणि त्या आठवड्यापासून तिची वैरण उरेनाशी झाली. खुरांचें काम सर्वांत सावकाश चालतें. खूर महिन्याला सुमारें आठ ते दहा मिलिमीटर वाढतो. म्हणजे वरच्या कडेस आलेला नवा निरोगी खूर पुढच्या टोंकाशीं जमिनीस टेंकावयास जवळजवळ वर्ष लागतें. कुशल नालबंद सहासहा, आठआठ आठवड्यांनीं येऊन थोडें थोडें तासतो. एकाच दिवशीं सर्व सरळ करूं पाहील तर घोडा लंगडा होईल. पांचव्या महिन्याच्या अखेरीस माझ्या वहींत तांबूचा घेर १८५ लिहिलेला आहे, म्हणजे वजन ४६१ किलो. परंतु तिच्या खुरांवरील जुन्या दिवसांची रेघ त्या वेळीं अर्ध्यावरच उतरली होती.

येथवर शरीराची गोष्ट झाली. मनाची गोष्ट त्याहून नाजूक आहे. शर्यतीच्या घोड्यास लहानपणापासून एकच धडा मिळालेला असतो: पाठीवर माणूस बसला कीं धांवावयाचें. लगाम ओढला तर आपण समजतों तो थांबेल. त्यास मात्र लगामावर भार टाकून अधिक जोरानें धांवण्याची संवय असते. त्यांत वरातीचीं वाजंत्री आणि फटाके ह्यांची भर पडली म्हणजे माणसाचा हात वर उठला तरी तो बुजतो. म्हणून पहिले कित्येक महिने खोगीर खुंटीवरच राहूं द्यावें. घोड्यास आजूबाजूचें जवळजवळ सर्व दिसतें. दिसत नाहीं तें ठीक कपाळासमोरचें आणि पाठीमागचें. यास्तव त्याच्याकडे खांद्याच्या बाजूनें, बोलत बोलत जावें. रोज एकाच माणसानें, एकाच वेळीं खरारा करावा. दोरी हातांत घेऊन त्याच्याबरोबर पायीं हिंडावें. शाळेंत मार खाऊन आलेल्या मुलापुढें नवा शिक्षक जसा पहिले कांहीं दिवस छडी कपाटांत ठेवून देतो, तसेंच हें आहे.

शिवाय घोडा हा कळपाचा प्राणी. एकटेपणा त्यास सोसत नाहीं. दुसरा घोडा नसेल तर गाढव किंवा शेळीहि चालते. तांबूसाठीं एक शेळी आणली. पंधरा दिवसांत अशी जोडी जमली कीं शेळी चरावयास नेली तर घोडी कुंपणाशीं उभी राहून खिंकाळूं लागे.

माझ्या वहींत त्रेपन्नाव्या दिवसाखालीं एकच ओळ आहे: ‘आज पहांटे निजलेली पाहिली.’ घोडा उभ्यानें डुलकी घेतो हें आपण ऐकलेलें असतें. परंतु खरी गाढ झोंप त्यास अंग जमिनीला टेंकल्यावांचून येत नाहीं, आणि भीति असेल तेथें तो आडवा होत नाहीं. रोज अर्धापाऊण तासाची ती झोंप त्यास पुरते, पण ती कित्येक दिवस मिळाली नाहीं तर तो उभ्या उभ्या गुडघ्यांवर कोसळतो. तांबूच्या पुढच्या गुडघ्यांवर तसल्या जुन्या खुणा होत्या. वजन वाढलें हें फितीनें सांगितलें. ती आमच्या आवारास आपलें समजूं लागली हें त्या पहांटेनें सांगितलें.

असा घोडा पुन्हां कामास येतो काय, असें विचारलें जातें. पुष्कळ येतात. पाय आणि पाठ ठीक आहेत असें पशुवैद्यांनीं सांगितल्यावर, सहाआठ महिन्यांनीं, दुडक्या चालीच्या पलीकडे न जातां त्यांस हलकी रपेट शिकवितां येते. कांहीं घोडे मात्र पुन्हां कधींच स्वार घेऊं शकत नाहींत. त्यांस चरूं देणें एवढेंच त्यांचें काम. आणि थोडे असे असतात कीं ज्यांच्या वेदनेस औषध उरलेलें नसतें. आपल्याकडे पांजरपोळाची परंपरा जुनी आहे. मुंबईचा पांजरपोळ १८३४ सालापासून चालू आहे, आणि जनावर मरेपर्यंत पोसणें हा त्या परंपरेचा धर्म. मी तिचा आदर करितों. तथापि पाय मोडलेल्या, उठूं न शकणाऱ्या घोड्यास आठवडेचे आठवडे तडफडत ठेवण्यांत त्याचें सुख पाहिलें जातें कीं आपल्या मनाचें समाधान, हें ज्यानें त्यानें प्रामाणिकपणें स्वतःस विचारावें. पशुवैद्याच्या हातून शांत मरण देण्यास आपला कायदाहि अशा प्रसंगीं अनुमति देतो.

हा कायदा १९६० सालचा. नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल ह्यांनीं राज्यसभेंत १९५३ सालीं मांडलेल्या विधेयकामुळें ह्या विषयास चालना मिळाली. जनावरास पुरेसें अन्न, पाणी व निवारा न देणें हा त्यान्वयें गुन्हा आहे. परंतु पहिल्या गुन्ह्यास त्यांत ठरविलेला दंड दहा ते पन्नास रुपये एवढाच होता. दंडाच्या भीतीनें घोड्याचें पोट भरणार नाहीं, हें त्या आंकड्यांवरून सहज कळतें.

म्हणून घोडा आणण्यापूर्वीं एक लहानसें गणित करावें. पांचशें किलोंच्या घोड्यास दिवसाला वजनाच्या दोन टक्के, म्हणजे दहा किलो वैरण लागते. वर्षाची झाली ३,६५० किलो. वीस वर्षांची ७३,००० किलो. त्यावर नालबंद, पशुवैद्य, निवारा आणि रोज सकाळसंध्याकाळ हजर असणारें माणूस. हें ज्यास झेपणार नाहीं त्यानें घोडा आणूं नये, आणि न आणल्याबद्दल मनास लावूनहि घेऊं नये. दया आली म्हणून आणलेला घोडा वर्षभरानें विकला गेला कीं तो पुन्हां त्याच पायऱ्या उतरूं लागतो. त्यापेक्षां चारपांच कुटुंबांनीं मिळून एखाद्या विश्वासू संस्थेंतील एका घोड्याची वैरण नियमानें पुरविणें अधिक हिताचें.

आणि एवढेंहि ज्यांस शक्य नसेल त्यांच्याकडून एक अपेक्षा आहे. मुलाच्या वरातीसाठीं घोडी ठरवितांना किंवा सहलीस गेल्यावर नातवंडांस घोड्यावर बसवितांना क्षणभर थांबून तिच्या बरगड्या पाहाव्या, खूर पाहावे, पाठीवर जखम आहे कां हें खोगीर उचलून पाहावें. रोडावलेल्या घोडीस नकार द्यावा आणि नकाराचें कारण मालकास शांतपणें सांगावें. चांगली राखलेली घोडी दिसली तर चार पैसे अधिक द्यावे. गिऱ्हाईक काय पाहतें हें मालकास लवकर समजतें. तांबू आज पंधरा वर्षांची आहे. तिचीं अजून दहा वर्षें तरी बाकी आहेत, आणि तितकी वैरण माझ्या विद्यार्थ्यानें हिशेबांत धरून ठेविली आहे.